अरविंदरावांची दोनशे बारा विशेषणं

उषाताईंनी विचारणं बंद केलंय, हे अरविंदराव टोकेकरांच्या ध्यानात यायला चौदा दिवस लागले.

चव्वेचाळीस वर्षं पहिल्या घासाबरोबर एक प्रश्न यायचा, "कशी झालीय?" आणि अरविंदराव उत्तर द्यायचे, "बरी आहे." आमटी बरी, पुरणपोळी बरी, काठापदराची साडी बरी. मुलाचं लग्न बरं झालं, काशी बरी होती. 'छान' हा शब्द त्यांनी दोनदाच वापरल्याचं घरात सगळ्यांना पाठ होतं, आणि त्यातला एक साडूच्या ऑपरेशनच्या टाक्यांबद्दल होता.

या दिवाळीत उषाताईंच्या अनारशांना आजवर कधी पडली नव्हती अशी जाळी पडली. त्यांनी ताटली पुढे धरून, जरा श्वास रोखूनच विचारलं. अरविंदरावांनी दोन खाल्ले, तिसरा उचलला आणि म्हणाले, "बरे आहेत."

उषाताईंनी ताटली उचलली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर जेवण वेळेवर येत होतं, प्रश्न येत नव्हता. प्रश्न दुसरीकडे जात होता. शेजारच्या मीनाताईंना भिंतीवरून वाटी द्यायची आणि विचारायचं. एवढंच असतं तरी अरविंदरावांनी सोसलं असतं. पण एके दिवशी गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याच्या हातावर उषाताईंनी कोथिंबीर वडी ठेवली आणि त्याला विचारलं. तो गडी तोंडात वडी असतानाच ओरडला, "माताजी, आनंद आ गया! कसम से!" उषाताई त्या दुपारभर गुणगुणत होत्या. अरविंदराव बाहेरच्या खोलीत बसून पेपरातलं शेअर बाजाराचं पान वाचत होते, जे त्यांनी जन्मात कधी वाचलं नव्हतं.

आता, या माणसाला काही वाटतच नसे असं कुणी समजू नये. वाटायचं, पुष्कळ वाटायचं. पण वाटलेलं ओठांपर्यंत येईतो समोरचं ताट उचललं गेलेलं असायचं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. पुस्तकं आत यायची, नोंद व्हायची, शिक्का बसायचा आणि कपाटात जायची. भावनांचंही त्यांच्याकडे तसंच होतं. आवक चोख, देवघेव बंद.

पण ग्रंथपालाच्या बुद्धीला एक गोष्ट पक्की माहीत असते. वाचक रिकाम्या हातानं परत जात असेल तर दोष वाचकाचा नाही, साठ्याचा आहे. अरविंदरावांनी आपला साठा तपासला. बरं, ठीक, चालेल. तीन नग. त्यातला तिसरा तर विशेषणसुद्धा नव्हता. एवढ्या भांडवलावर त्यांनी चव्वेचाळीस वर्षं संसार केला होता! त्यांची त्यांनाच लाज वाटली. रोज दहा शब्द शिकायचे, असं त्यांनी ठरवलं. भावना सांगणारं एक विशेषण घ्यायचं आणि त्याचे सगळे समानार्थी पाठ करायचे. मग उषाताईंनी परत एकदा, फक्त एकदा विचारावं. उत्तराची काळजी नको.

समानार्थी शब्दांचा जाडजूड कोश शिप्रेकाठच्या या हिंदी गावातल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात होता, संदर्भाच्या अलमारीत, कुलपात. मंडळाचा सचिव विक्रांत हा पन्नाशीचा, त्यामुळे मंडळात 'तरुण रक्त' म्हणून ओळखला जाणारा गृहस्थ.

"काका, तुमच्यासाठी जान हाजिर आहे," विक्रांत म्हणाला, "पण ही अलमारी अशी नाही उघडता येत."

"किल्ली तुझ्याच खिशात आहे ना?"

"किल्ली खिशात आहे, पण नियम आहे. संदर्भग्रंथासाठी लेखी अर्ज, त्यात प्रयोजन, मग कार्यकारिणीची मंजुरी. आणि अर्ज सभेत मोठ्यानं वाचायचा."

"मोठ्यानं? हा मूर्खपणा केला कुणी?"

विक्रांतनं नियमांचं रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. नियम अकराच्या खाली मोत्यासारख्या अक्षरात सही होती. अ. वि. टोकेकर, मानद ग्रंथपाल.

"अक्षर काय सुरेख आहे काका," विक्रांत आदरानं म्हणाला.

अर्जाचे बाकीचे रकाने भरायला दोन मिनिटं लागली, 'प्रयोजन' भरायला पाऊण तास. दुसऱ्या कुणीही तिथं 'अभ्यास' लिहून मोकळं झालं असतं. पण नियम अकराच्या कर्त्यानंच खोटं प्रयोजन लिहायचं म्हणजे पुजाऱ्यानंच नैवेद्याला तोंड लावण्यासारखं. अरविंदरावांनी खरं ते लिहिलं, 'पत्नीस स्वतःच्या भावना कळविणे.' वाचून पाहिलं, पुढे 'सविनय' जोडलं, मग ते खोडलं.

रविवारच्या सभेत अर्ज मोठ्यानं वाचला गेला. मग तो एकमतानं मंजूर झाला आणि एका ज्येष्ठ सभासदानं डोळे पुसत "परमेश्वर त्यांना यश देवो" अशी पुस्ती जोडली. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्जाचा फोटो हात जोडलेल्या चित्रांसकट फिरू लागला. ज्यानं त्यानं त्यातून एकच अर्थ काढला, की टोकेकरांच्या घरात नवराबायकोची बोलचाल बंद आहे.

उषाताई त्या ग्रुपवर नव्हत्या. सुप्रभातच्या फुलांना कंटाळून त्या कधीच्या बाहेर पडल्या होत्या. आणि विषय नाजूक असल्यानं त्यांना तोंडावर कुणी काही बोललं नाही. बायका भाजीबाजारात भेटल्या की त्यांचा हात नुसता दाबायच्या आणि म्हणायच्या, "धीर धर गं." उषाताईंना कळेना, कसला धीर? घरी येऊन त्या नवऱ्याकडे निरखून पाहू लागल्या. याची नोंद वाचकांनी घ्यावी, कारण अरविंदरावांनी घेतली नाही.

त्यांच्याकडे सल्ला देणाऱ्यांची रांग लागली होती. पहिला नंबर मीनाताईंचे यजमान गोपाळराव यांचा.

"साहेब, मंगळ आहे," खुर्चीत बसता बसता गोपाळराव म्हणाले.

"कुठे?"

"पत्रिकेत, आणखी कुठे? भातपूजा करून टाका. लोक कुठून कुठून गाड्या करून मंगळनाथच्या देवळात येतात, आणि तुम्ही इथं राहून शब्दकोश वाचताय? कमाल करता!"

"गोपाळराव, मी बहात्तर वर्षांचा आहे. भातपूजा लग्न जमावं म्हणून करतात."

"तो क्या हुआ? पेंडिंग केस समजा."

मागोमाग मीनाताई आल्या. "भावजी, शब्दांनी काही होत नाही. सकाळचा चहा तुम्ही करत जा." अरविंदरावांनी तेही केलं. उषाताईंनी तो चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बरा आहे." इतकी वर्षं हे बोल दुसऱ्याला ऐकवताना ते एवढे लागत असतील याची अरविंदरावांना कल्पना नव्हती.

पण अभ्यास जोरात चालला होता. कॉलेजातली जुनी, एका बाजूनं कोरी तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीची कार्डं, त्यांनी जपून ठेवली होती. त्यावर त्यांनी भावनांची रीतसर तालिका केली. कोपऱ्यात क्रमांक, वरती मुख्य शब्द, खाली समानार्थी, तळाशी 'हेही पाहा'. आनंदी : हर्षित, मुदित, प्रमुदित, उल्हसित, आल्हादित, पुलकित. हेही पाहा : तृप्त. त्या पत्रांचा गठ्ठा खिशात घालून ते शिप्रेच्या घाटावर फिरायला जात आणि ओठांतल्या ओठांत घोकत. एका यात्रेकरूनं त्यांना कुठलंसं स्तोत्र म्हणणारे साधू समजून वाकून नमस्कार केला. अरविंदराव इतके बावरले, की 'बावरलेला'चे समानार्थीही त्यांना त्या क्षणी आठवले नाहीत.

कोशात एक मोठी अडचण असते, आणि ती कोशकार कधी सांगत नाही. सगळे समानार्थी शब्द एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले असतात, सरकारी कचेरीतल्या बाकावरच्या माणसांसारखे. त्यांतला कोण पाचशे मैलांवरून आलाय आणि कोण मागच्या गल्लीतून, हे नुसतं पाहून कळत नाही.

पहिला प्रयोग पोह्यांवर झाला. बशी पुढे आली, प्रश्न अर्थातच आला नाही. आता आपणच बोलायचं, असं ठरवून अरविंदराव टेबलाखाली पत्रं चाळू लागले. योग्य पत्र सापडेपर्यंत उषाताई आंघोळीला गेल्या होत्या. मग त्या पूजेला बसल्या, मग फोनवर बोलल्या. संधी मिळाली ती संध्याकाळी सहा वाजता, दिवा लावताना.

"उषा, मी प्रमुदित आहे."

"कशानं?"

"पोह्यांनी."

"कुठल्या?"

"सकाळच्या."

उषाताईंनी हातातली काडेपेटी खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दोन दिवसांनी वरणात मीठ पडलं नव्हतं. अरविंदराव या वेळी तयारीत होते. ताबडतोब म्हणाले, "मी विदीर्ण झालोय." उषाताईंनी रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्यावरून लिंबं घेऊन दहा मिनिटांत परत आल्या, तर दारातच पतिराज उभे. "मी भयाकुल झालो होतो!" उषाताईंच्या हातातली लिंबं घरंगळत जिन्यावरून खाली गेली. आणि सिलिंडरवाला पुन्हा आला, तेव्हा अरविंदरावांनी मनाचा हिय्या करून पत्र क्रमांक अठ्ठ्याऐंशी थेट त्यालाच ऐकवलं, "मी तुमच्याबद्दल ईर्ष्याग्रस्त आहे." तो म्हणाला, "ठीक है बाबूजी, रखूँ कहाँ?"

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पुण्याहून मुलाचा, सुमीतचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शेजारी सून अपर्णा, इकडे फोन धरून उषाताई. मुलगा-सून दोघंही नको इतकी हसत होती.

"बाबा, आज कुठला वार?"

"गुरुवार. का?"

"सहजच. शंभरातून सात वजा करत जा बरं."

"त्र्याण्णव, शहाऐंशी… सुमीत, हे काय चाललंय?"

"काही नाही बाबा. तुम्हाला कसं वाटतंय, ते सांगा."

तीन आठवडे ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आला होता. चुकीच्या माणसाकडून आणि चुकीच्या कारणासाठी, पण आला होता. अरविंदराव उठून उभे राहिले. "मी अवमानित आहे," ते म्हणाले, "क्षुब्ध आहे, उद्विग्न आहे, आणि किंचित म्लान."

पलीकडून अपर्णाची कुजबुज ऐकू आली, "किंचित काय म्हणाले?"

"आई," सुमीत हळूच म्हणाला, "हे वाढतंय. उद्याच दाखव."

खरं काय ते त्यांनी त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं, हे कबूल. पण 'तुझे अनारसे मला फार आवडले होते' हे बहात्तराव्या वर्षी, मुलासुनेच्या देखत बोलायला जे धैर्य लागतं, त्यापेक्षा डोक्याची तपासणी सोपी. दुसऱ्या दिवशी ते निमूटपणे कपडे करून निघाले. एवढंच की निघताना पत्रांचा गठ्ठा खिशात घालायचा राहिला.

फ्रीगंज भागातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे ही गर्दी होती. आत गेल्यावर उषाताईंनी फाइल टेबलावर ठेवली. ती त्यांनी इतका वेळ छातीशी धरली होती, की तिच्या पुठ्ठ्याला बाक आला होता.

"क्या तकलीफ है?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर साहब," उषाताई पुढे सरकून म्हणाल्या, "ये बोलने लगे हैं."

"ये तो अच्छी बात है, माताजी."

"चवालीस साल नहीं बोले."

डॉक्टरांनी चष्मा लावला. "कब से?"

"तीन हफ्ते. और शब्द भी ऐसे, कि मेरे बाप ने नहीं सुने."

डॉक्टरांनी हातोडीनं गुडघे ठोकले, डोळ्यांत प्रकाश टाकला. मग एका मिनिटात जितक्या येतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायला लावली. परीक्षेला बसलेला लाजाळू माणूस. गाय, म्हैस, पुन्हा गाय आणि एक कासव, एवढ्यावरच मिनिट संपलं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. उषाताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"अच्छा, कोई और विषय? जो आपको पसंद हो?"

अरविंदराव खाली मान घालून म्हणाले, "भावना."

आणि सुरू झाले. आनंदीपासून निघाले ते हर्षित, मुदित, प्रमुदित करत थेट खिन्न, विषण्ण, कष्टी, हिरमुसलेला, रुष्ट, संतप्त, कोपाविष्ट, भेदरलेला, धास्तावलेला, गर्भगळीत. हातात पत्रं नव्हती, तरी एकही शब्द अडला नाही. मिनिट कधीच संपलं होतं, पण डॉक्टर घड्याळ बंद करायचं विसरले. दारात कंपाउंडर येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावरून वाट पाहणारे पेशंट डोकावू लागले. एका आजीबाईंनी, कुठलं तरी अष्टक चाललंय असं समजून, हात जोडले आणि संपल्यावर "जय महाकाल" म्हटलं.

"दोनशे बारा," अरविंदराव म्हणाले. "इतकेच आहेत."

डॉक्टरांनी फाइल मिटली. "माताजी, इनका दिमाग मुझसे अच्छा चल रहा है. कोई दवा नहीं." मग कुतूहलानं पुढे वाकले. "मगर बाबूजी, ये सब याद क्यों किया?"

मराठीतला अख्खा कोश त्यांच्या जिभेवर होता. हिंदीत मात्र त्यांनी काहीच पाठ केलं नव्हतं. त्यामुळे जे होतं ते तसंच, अनवाणी बाहेर आलं. "इन्होंने पूछना बंद कर दिया था."

"क्या पूछना?"

"कि कैसा बना है."

डॉक्टरांनी उषाताईंकडे पाहिलं. उषाताई भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे टक लावून पाहत होत्या.

खाली येऊन त्यांनी ऑटो केला. फ्रीगंजचा पूल चढताना उषाताई एकदम म्हणाल्या, "अनारशांपायी?"

"हो."

"अहो, अनारशांपायी मला वाटलं की तुम्ही चाललात!" त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "बाजारात बायका खामखा माझा हात दाबतात. मला वाटलं, यांना माहिती आहे, मलाच कुणी सांगत नाही. दुपारी तुम्ही झोपलात की नाकापुढे बोट धरून बघत होते मी! बाहेरच्या दाराला कुलूप लावत होते, कुठे निघून बिघून गेलात तर!"

"म्हणून ते कुलूप होय? मला वाटलं, चोरांसाठी."

"चोरांसाठी!" उषाताई पुन्हा हसत सुटल्या.

अरविंदराव मात्र हसेनात. घरी राहिलेला तो गठ्ठा त्यांच्या डोळ्यांपुढे पसरला होता. मी प्रमुदित, मी विदीर्ण, मी क्षुब्ध. दोनशे बारा शब्द, आणि एकूण एक शब्द 'मी'च्या दावणीला बांधलेला. ज्या बाईनं चव्वेचाळीस वर्षं रोज दोन वेळा त्यांना विचारलं, तिला उलट काही विचारायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. आता सुचलं, तेही चालत्या ऑटोत, बसचे भोंगे वाजत असताना. त्यांनी घसा साफ केला. हात कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून समोरच्या दांडीला धरला.

"उषा," ते म्हणाले, "तू कशी आहेस?"

"मी?" उषाताईंनी मागे वळून पाहिलं, जणू तिथं आणखी कुणी बसलं असावं. "मी मतलब… बरी आहे."

"नाही, नीट सांग. मी ऐकतोय."

उषाताईंनी पदर खोचला. "भ्यायले होते," त्या म्हणाल्या. "फार भ्यायले होते. आणि आता तुमचा असा राग येतोय की काय सांगू. आणि मीनाचा पण. रोज वाटी घेते आणि सगळ्याला 'मस्त मस्त' म्हणते, खोटारडी. आणि अहो, तुमच्या बहिणीचा मला अजून राग आहे."

"मालतीचा?" अरविंदराव दचकले. "ती काय म्हणाली?"

"काय म्हणाली! सुमीतच्या बारशाला…"

आणि उषाताई सुरू झाल्या. समानार्थी एक नाही, पण प्रत्येक भावनेला तारीख, वार आणि साक्षीदार होते. देवास गेट आलं तेव्हा त्या बारशातून मुंजीत पोचल्या होत्या. रंगात आल्या की त्या नकळत हिंदीत शिरायच्या, तशा शिरल्या. सासूबाईंचे हेवे, बदलीचं वर्ष, हरवलेली कुडी, ज्याबद्दल त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं ते माहेरपण. अरविंदराव दांडीला धरून ऐकत होते. 'बरं' म्हणायची वेळ तीनदा आली आणि तीनदा त्यांनी जीभ चावली. त्याऐवजी ते "मग?" म्हणाले. उषाताईंना तेवढं पुरत होतं.

ऑटो घरासमोर येऊन उभा राहिला. भिंतीवरून गोपाळराव आणि मीनाताईंची डोकी वर आली, कारण डॉक्टर काय म्हणाले हे ऐकल्याशिवाय त्यांचा चहा गोड लागणार नव्हता. अरविंदराव उतरायला लागले, तर ड्रायव्हरनं इंजिन बंद करून आरशातून मागे पाहिलं.

"बाबूजी, दो मिनिट बैठो," तो कळवळून म्हणाला. "माताजी, पहले ये बताओ, फिर ननद ने सबके सामने क्या जवाब दिया?"

उषाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अरविंदराव पुन्हा आत येऊन बसले आणि त्यांनी चपला काढून पाय वर घेतले. बहीण त्यांचीच असली, तरी तिनं काय जवाब दिला होता हे त्यांनाही आजवर माहीत नव्हतं.